अजून निळं नाही

१

गुरुवारी सकाळी कुपीतलं हृदय निळं व्हायला लागलं होतं.

बुधवारी ते पांढरं होतं. मावशीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कारण बुधवारी दुपारी मागच्या जिन्यावरची फुटकी काच तिनेच वेचली होती. मोठे सर वरच्या पायरीवर उभे राहून म्हणाले होते, "मावशी, तेवढं आवरून घ्या." तेवढं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. पोरीला उचलून नेलं होतं. उरलं होतं एक खोकं, आठदहा कुप्यांचा चुरा आणि पाचव्या पायरीवरचा डाग. मावशीने आवरलं. बावीस वर्षं ती या प्रयोगशाळेत काच धूत होती, दुसऱ्यांनी केलेलं आवरणं हाच तिचा धंदा. दोन कुप्या मात्र फुटल्या नव्हत्या. त्या तिने कुणाला न सांगता आपल्या धुण्याच्या खोलीत, सिंकखालच्या फळीवर ठेवून दिल्या. माणूस गेलं त्या दिवशी त्याची धड राहिलेली वस्तू टाकवत नाही.

आणि आता त्यातल्या एका कुपीत, मिरीच्या दाण्याएवढ्या उंदराच्या हृदयाला कडेकडेने निळी झाक चढली होती. कुपीला कुणी हात लावला नव्हता.

मेलेली पोर सव्वीस वर्षांची होती. चण लहान, चालणं भुर्रकन, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. मावशीला नुसत्या दोन हातांपेक्षा जास्त काही समजणारी या मजल्यावर ती एकटीच. तिनेच एकदा, कुप्या निथळत ठेवता ठेवता, मावशीला एक्स-गॅल समजावून सांगितलं होतं.

"मावशी, शरीराच्या प्रत्येक कणात सगळी जनुकं असतात, पण सगळी जागी नसतात. एखादं कुठे जागं आहे ते बघायचं, तर आम्ही त्याच्या शेजारी एक कातरी बांधून ठेवतो. जनुक जागं झालं की कातरी चालायला लागते. एक्स-गॅल म्हणजे पांढरी पूड, विरघळवली की पाण्यासारखी दिसते. कातरीने कापली की निळी. निळं दिसलं म्हणजे तिथे कुणीतरी जागं आहे."

"आणि झोपलेलं असलं तर?"

"तर पांढरं. दमलात, बसा आता पंख्याखाली."

या मजल्याचं सगळं नाव एकाच गोष्टीवर उभं होतं. एक जनुक. ते यकृतात जागं, मूत्रपिंडात जागं, वाढत्या गाठींमध्ये तर फारच जागं, पण हृदयात झोपलेलं. वीस वर्षांपूर्वी मोठ्या सरांनी हे जगाला सांगितलं आणि त्यावर एक औषध बेतलं गेलं. हे जनुक जिथे जागं दिसेल तिथल्या पेशी मारणारं औषध. पुढच्या महिन्यात ते पहिल्या चाळीस रोग्यांना द्यायचं होतं. आणि चिमणीच्या प्रयोगात उंदरांची हृदयं निळी आली होती.

सरांनी चौकशी समिती बसवली. मंगळवारी समितीसमोर, चिमणीच्याच बाटलीतलं एक्स-गॅल घालून प्रयोग पुन्हा झाला. बुधवारी सकाळी सगळी हृदयं पांढरी फटक. समितीतला एकजण तिच्या तोंडावर म्हणाला, "बनावट." दुपारी ती मागच्या जिन्याखाली पडलेली सापडली. शनिवारी बारा वाजता समिती अहवालावर सही करणार होती. मेलेल्या पोरीच्या नावापुढे तोच शब्द कायमचा लागणार होता.

मावशीने दुसरी कुपी उचलली. तिच्यावर चिमणीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "साधा उंदीर, कातरी नाही." हे हृदय अजिबात बदललं नव्हतं, तांदळासारखं पांढरं होतं.

म्हणजे निळं आपोआप होत नव्हतं. जिथे व्हायला हवं तिथेच होत होतं. पोर सिंकखालून बोलत होती, आणि ऐकायला फक्त काच धुणारी होती.

२

चिमणीच्या शेजारच्या टेबलावर लांब्या काम करायचा. उंची सहा फुटांच्या वर, पण कायम वाकलेला, जणू प्रत्येक दाराची चौकट त्याला आधीच लागून गेली आहे.

"लांब्या, चिमणीची बाटली बिघडली होती का रे?"

"मावशी, तुम्ही कशाला यात पडताय?"

"मी नाही पडले. पडली ती दुसरी."

लांब्याच्या हातातली प्लास्टिकची नळी टेबलावर घरंगळली. त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाटली उत्तम होती. सोमवारी दुपारी तिने माझ्यासमोर यकृतावर घालून बघितली, तासाभरात निळं. मग फ्रीजरमध्ये ठेवली. मंगळवारी तीच काढली."

"आणि मंगळवारी यकृत निळं झालं नाही?"

"मंगळवारी यकृत घेतलंच नाही. ती म्हणत होती, सोबत एक यकृत ठेवा, म्हणजे रसायन चालतंय हे तरी कळेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, यकृत निळं होतं हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, समितीपुढे पसारा नको."

डॉक्टरबाई म्हणजे इथल्या दोन नंबरच्या. सर भाषणं करत फिरायचे, प्रयोगशाळा बाई चालवायच्या.

"बुधवारी सकाळी काय झालं?"

"सीलबंद डब्यातली नवी पूड तोलत होती. रडत नव्हती, हे बघा. मला म्हणाली, माझ्या बाटलीत एक्स-गॅलच नाहीये, पूड विरघळवायचा नुसता द्रव भरलाय कुणीतरी. मी नव्याने लावते आणि खालच्या मजल्यावरच्या उबेच्या कपाटात ठेवते, इथे नको. तेच खोकं घेऊन ती..." त्याने वाक्य तिथेच सोडलं.

"हे समितीला सांगितलंस?"

"माझा प्रबंध सरांच्या सहीवाचून अडलाय, मावशी."

"एवढी उंची वाया गेली रे तुझी."

लांब्याचे कान तापले. मावशी वळली तसा तो मागून म्हणाला, "बदललं कुणीही असू शकतं, पण त्याला तो द्रव हाताळता यायला हवा. प्लास्टिक खातो तो. या पारदर्शक नळीत ओतला की नळी मऊ पडून चिकट होते. काचेनेच उचलावा लागतो. मी तर त्याच्या वाटेलाच जात नाही, माझं सगळं वापरा नि फेका."

ते मावशीला माहीतच होतं. लांब्याची काच तिच्याकडे धुवायला सहसा येत नसे, आली तर झाकणं, चिठ्ठ्या, गाळ सगळं एकत्र कोंबून येई. काच धुणारीला माणसं कळतात ती अशीच, न बोलता.

विचार डोक्यात ठेवून ती सरांची खोली झाडायला गेली. कोपऱ्यात हात धुवायचं छोटं बेसिन होतं. खरं तर ते तिने रोज ब्लीच टाकून घासायचं. पण सर मागच्या गुरुवारपासून गावाला गेले होते, तेव्हापासून तिने त्या बेसिनकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मंगळवार-बुधवारी तर कुणालाच शुद्ध नव्हती. आज तिने भोकावरची जाळी उचलली.

जाळीच्या खालच्या बाजूला साठलेला बुळबुळीत थर गर्द निळा होता.

ती जाळी हातात धरून उभी राहिली. थरातून एक निळा थेंब तिच्या मनगटावर ओघळला, आणि मागे दार वाजलं.

३

"सकाळी साडेअकरा ही माझी खोली झाडायची वेळ आहे का?" मोठे सर दारात उभे होते.

"सर, हे निळं कसलं?"

"बुरशी असेल. घासा."

"बुरशी नाही ही. चिमणीची बाटली इथे रिकामी झालीय. मोरीच्या घाणीत जिवाणू असतात, त्यांच्यापाशीही तसली कातरी असते. चिमणीनेच सांगितलं होतं मला. म्हणून टेबलांजवळच्या सिंकमध्ये सांडलं की ते लगेच निळे व्हायचे आणि ती हसायची, मावशी, तुमची मोरी जागी आहे म्हणून."

सरांनी दार लावलं. मग खुर्चीत बसले आणि फार थकल्यासारखं बोलू लागले. "मावशी, मी गुरुवारी गेलो. मंगळवारी अकराला बॅगेसकट थेट समितीसमोर आलो. माझी बॅग तुमच्याच दाराशी ठेवली होती. पाय लागला म्हणून तुम्ही तिला शिवी घातलीत, तीही मी ऐकली."

हे खरं होतं, शिवीसुद्धा.

"पोर सोमवारी दुपारपर्यंत त्याच बाटलीने काम करत होती हे तिनेच समितीला सांगितलं होतं," सर पुढे म्हणाले. "म्हणजे जे काही झालं ते सोमवारी दुपारनंतर आणि मंगळवारी अकराच्या आधी. तेव्हा या खोलीला कुलूप होतं. दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

 दुसरी किल्ली तिच्याच धुण्याच्या खोलीत, खिळ्याला टांगलेली असे. कुणीही हात लांबवून घेऊ शकलं असतं, पण कागदावर ती मावशीच्या नावाची होती.

"शनिवारी समितीपुढे ही जाळी आणायची असेल तर जरूर आणा," सर म्हणाले. "मग किल्लीचंही बोलावं लागेल. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आहे, नाही का?"

त्यांनी हे काळजीच्या सुरात सांगितलं. शिकलेली माणसं गळा धरतात तेव्हाही बोटं स्वच्छ असतात.

मावशीने जाळी फडक्यात गुंडाळली आणि घासली नाही. बाहेर आली तर तिला वाटलं, समोरून कुणीतरी भुर्रकन वळलं. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. खुंटीवर चिमणीचा पांढरा कोट तेवढा हलत होता. खिडकी बंद होती.

४

शुक्रवारी सकाळी चिमणीची आई सामान न्यायला आली. बाई एका कारखान्यात शाळेची दप्तरं शिवायची. बोटांच्या टोकांना सुईने घट्टे पडलेले. कार्यालयातल्या कुणी तिला खुर्ची दिली नाही, तेव्हा मावशीने तिला आपल्या खोलीत आणून स्टुलावर बसवलं.

"ताई, पाणी घ्या."

"नको. मला एवढंच सांगा, खरं सांगा. ती लबाडी करत होती का?"

"नाही."

"तुम्ही कोण इथल्या?"

"मी काच धुते."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. इथे आल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाकडे नीट पाहत होती. "मग तुमचं खरं असेल," ती म्हणाली. "बाकीचे फार गोड बोलले."

मावशीने खाली वाकून कुपी काढली. हृदय आता कडेपासून आतपर्यंत निळं झालं होतं, नीळ घातलेल्या पाण्यासारखं नाही, जखमेभोवती असतं तसं. आईने ते उजेडात धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"हे तिने केलेलं?"

"बुधवारी लावलेलं. अजून चाललंय."

"ती गेल्यावरही?"

"ती गेल्यावरही."

चिमणीच्या खणात फार काही नव्हतं. कंगवा, चष्म्याची डबी, अर्धी संपलेली मलमाची नळी. आईने खुंटीवरचा कोट काढला, त्याच्या बाहीत हात घातला आणि तशीच उभी राहिली, जणू आतून कुणी हात धरणार होतं. मावशीने नजर वळवली आणि खणाच्या तळाशी तिला चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. उजेडाने बिघडणारी रसायनं इथे अशीच गुंडाळून ठेवतात, त्यामुळे ते कुणी उघडून बघितलं नव्हतं.

आत जुनी वही होती. वीस वर्षांपूर्वीची तारीख. ते अक्षर मावशीने झोपेतही ओळखलं असतं, इतकी वर्षं त्या अक्षरातल्या कामाच्या याद्या तिच्या दाराला लागत होत्या. डॉक्टरबाईंचं अक्षर. चिमणीने खूण घातलेल्या पानावर लिहिलं होतं:

"एक्स-गॅल घालून चार तास. यकृत निळं. मूत्रपिंड निळं. हृदय अजून निळं नाही. सरांनी इथेच थांबवायला सांगितलं."

त्यातल्या 'अजून'वर कुणीतरी आडवी रेघ मारली होती.

मावशीने ते दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. आई शिवणकाम करणारी होती, टाका कुठे उसवला ते तिला आधी दिसलं. "एक शब्द काढला की सगळंच बदलतं की हो."

वीस वर्षं जगभर छापलं गेलं होतं, हृदय निळं नाही. कुणी थांबून बघितलं नव्हतं. हृदय उशिरा जागं होणारं होतं, चार तासांत नाही, रात्रभराने. चिमणी एवढंच करत होती, वाट बघत होती. आणि ते औषध त्या चाळीस माणसांच्या हृदयालाही शोधून काढणार होतं.

"ही वही तिला कुठून मिळाली?" आईने विचारलं.

"त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मिळालीय हे कुणाकुणाला माहीत होतं," मावशी म्हणाली.

५

डॉक्टरबाईंची खोली नीटनेटकी. टेबलावर एक पेन, एक पाण्याचा तांब्या, दोन ग्लास. बावीस वर्षांत बाईंनी मावशीला एकदाही अरेतुरे केलं नव्हतं. मावशीच्या नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या त्या. म्हणून मावशी वही घेऊन सरळ त्यांच्याकडे गेली. मनात सरांनाच धरलं होतं तिने. सर गावाला होते, तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी करवलं असेल.

बाईंनी वही पाहिली. हात लावला नाही.

"माझंच अक्षर आहे. फार तरुण होते मी."

"आणि ही रेघ?"

"वीस वर्षं झाली, मावशी. कसं आठवणार?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "पोरीने ही वही तळघरातून काढली असणार. हुशार होती. फार घाई होती तिला."

"घाई? ती तर थांबत होती. घाई इतरांना होती."

बाई हसल्या, पण डोळे तसेच राहिले. "तुम्ही हे सरांना दाखवलंत?"

"नाही. सरांच्या खोलीतलं मी बघितलं. तिची बाटली त्यांच्या बेसिनमध्ये ओतलीय कुणीतरी. जाळीखाली सगळं निळं."

"शक्य नाही," बाई म्हणाल्या. "ते बेसिन तर तुम्ही रोज ब्लीचने घासता."



बाईंनी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं, एका दमात प्यायल्या आणि ग्लास उपडा ठेवला. अगदी नेमका, कडेला समांतर.

मावशी "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. धुण्याच्या खोलीत जाऊन तिने वही फळीवर ठेवली. सिंकच्या कडेला टेकून ती मंगळवारची सकाळ आठवत राहिली. ट्रेमध्ये काय काय होतं, एकेक वस्तू. शेवटची वस्तू आठवली तेव्हा तिने खाली बसून कुपीकडे पाहिलं.

"अगं, मला आधी का नाही सांगितलंस?" ती कुपीला म्हणाली. "मी माझ्याच माणसाकडे गेले ना वही घेऊन."

६

शनिवारी सकाळी दहा वाजता डॉक्टरबाई स्वतःच धुण्याच्या खोलीत आल्या. मावशी ट्रेमधल्या पिपेट, द्रव ओढून घ्यायच्या काचेच्या नळ्या, पुसत होती.

"तुम्ही काल काही न बोलता गेलात," बाई म्हणाल्या.

"बसा, बाई. बोलते आता. मी शिकलेली नाही, चुकलं तर सांगा." मावशीने फडकं खाली ठेवलं. "आधी मला सर वाटले. पण सरांनी ओतलं असतं तर कुठेही ओतलं असतं. पंधरा वर्षांत त्यांनी हाताने काही केलेलं नाही, सिंक निळा होतो हेच ते विसरलेत. ओतणाऱ्याने टेबलाजवळचे सिंक टाळले, कारण तिथे तासाभरात निळं होऊन सगळं उघडं पडलं असतं. म्हणजे ओतणाऱ्याला कामाची जाण होती. मग सरांचंच बेसिन का? तर तिथे रोज ब्लीच पडतं, ब्लीचमध्ये काही जागं राहत नाही, सगळं निर्धास्त वाहून जातं. हे कुणाला ठाऊक? सरांना बेसिन कशाने घासतात तेसुद्धा ठाऊक नाही. लांब्या स्वतःच्या सिंकमध्ये काय आहे ते बघत नाही, तो दुसऱ्याच्या बेसिनचा विचार कधी करणार? काल मी म्हटलं तिथे निळं आहे, तर तुम्ही हे विचारलं नाही की कसं. तुम्ही म्हणालात, शक्य नाही, तुम्ही रोज घासता."

"हा पुरावा नाही, मावशी."

"नाहीच. तुमचा हिशेब बरोबर होता. चुकलं माझं. सर गावाला गेले म्हणून मी आळस केला. गुरुवारपासून घासलंच नव्हतं. तुम्ही बावीस वर्षं मला कामाची पक्की समजलात ना, तिथे फसलात."

बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आल्यासारखं झालं.

"दुसरं," मावशी म्हणाली. "तिच्या बाटलीत नुसता द्रव भरायचा तर तो काचेनेच उचलायला हवा, प्लास्टिक टिकत नाही. लांब्याकडे काच नसते. चिमणी आपली काच स्वतः धुवायची, माझे हात दुखतात म्हणून. मंगळवारी सकाळी माझ्या ट्रेमध्ये एकच पिपेट होती. तीनदा खळबळून काढलेली, चिठ्ठी खरवडून टाकलेली, आणि तोंड खाली करून ठेवलेली. असं या मजल्यावर एकच माणूस ठेवतं. मी ती धुतली, हे माझं दुर्दैव. पण आठवण धुतली जात नाही. आणि समितीपुढे यकृत ठेवू दिलं नाहीत तेही तुम्हीच. ते पांढरं राहिलं असतं तर बाटलीत काही नाही हे त्याच क्षणी कळलं असतं."



"सोमवारी दुपारी ती वही घेऊन आली," बाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "भांडली नाही. म्हणाली, बाई, हे 'अजून' कुणी खोडलं? मी म्हटलं, मी. सरांनी सांगितलं, खोडलं मी. चार तासांवर थांबवायला सांगितलं, थांबवलं मी. तेव्हा वाटलं एवढ्याशा शब्दाने काय होतं. मग त्यावर इमारत चढली, औषध आलं, आणि तो शब्द परत कुठे लिहायचा तेच कळेना. मला फक्त थोडे दिवस हवे होते. तिचा प्रयोग एकदा फसला असता तर समिती पांगली असती, मग मी सावकाश सरांशी बोलले असते. ते तिला बनावट म्हणतील असं मला वाटलं नव्हतं."

"मग काय म्हणतील असं वाटलं होतं?"

बाईंनी चष्मा काढला.

"बुधवारी जिन्यावर कोण होतं?" मावशीने विचारलं. हा प्रश्न विचारायची तिला भीती वाटत होती.

"मी होते." बाईंनी हात सिंकच्या कडेला टेकले. "ढकललं नाही, मावशी. शपथ घेऊन सांगते. ती खोकं घेऊन खाली निघाली होती. मला राहवेना. सगळं सांगून टाकावं म्हणून मी वरून हाक मारली. ती वळून वर बघायला लागली, आणि हातात खोकं होतं, पायरी दिसली नाही तिला. मी तिथेच थिजले. आवाज ऐकून लोक धावले तेव्हा मी खोलीत परत गेले होते."

म्हणजे ती पडली तेव्हा तिच्याकडे बघणारं कुणीतरी होतं, आणि ते आत जाऊन दार लावून बसलं. हे त्या जिन्यावरच्या डागापेक्षा वाईट होतं. डाग मावशीने पुसला होता.

"मी राजीनामा देते," बाई म्हणाल्या. "समितीला पत्र लिहिते."

"पत्र नको. पत्रातले शब्द तुम्हाला खोडता येतात. बाहेर बाकावर तिची आई बसलीय. मीच बोलावलंय. आधी तिला सांगा."

"मला नाही जमणार ते."

"मग मी दोन्ही कुप्या, जाळी आणि वही घेऊन आत जाते. सर किल्लीचं काढतील, काढू देत. मला कामावरून काढतील, काढू देत. पण तुम्ही माझ्या नवऱ्यासाठी रांगेत उभ्या होतात, म्हणून आधी तुम्हाला विचारतेय. एकदाच विचारेन."

७

बारा वाजायला वीस मिनिटं होती. समितीच्या खोलीतून खुर्च्या सरकवल्याचे आणि कुणीतरी हसल्याचे आवाज येत होते. आई बाकावर सरळ बसली होती, मांडीवर चिमणीचा कोट घडी घालून.

डॉक्टरबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बसा असं कुणी म्हणालं नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली, बाटलीपासून. मग मागे गेल्या, वहीपासून. शास्त्रातले शब्द मध्ये येत होते, ते त्या थांबून सोपे करत होत्या. मावशी भिंतीला टेकून ऐकत होती. हातात दोन कुप्या. एक पांढरी आणि एक निळी, इतकी गडद की आता काळीच वाटत होती.

"माझ्यामुळे ती खोटी ठरली," बाई म्हणाल्या. "ती खरी होती. तिचं सगळं खरं होतं."

आईने मान हलवली. जणू तिला ते आधीच ठाऊक होतं आणि आता नुसती पोच मिळाली होती.

मग बाईंनी जिन्याचं सांगितलं. हाक मारल्याचं, वळल्याचं, पायरीचं, आणि आत जाऊन दार लावल्याचं. ते शेवटचं सांगताना त्यांचा आवाज गेला आणि त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.

आई उठली. उंचीने ती बाईंच्या खांद्यालाच लागत होती, तिच्या मुलीसारखी.

"तुम्ही हाक मारलीत, आणि ती वळली?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

"घरी माझ्यावर चिडली की दहा हाका मारल्या तरी मान फिरवायची नाही," आई म्हणाली. "वळली म्हणजे तिच्या मनात तुमच्याबद्दल काही नव्हतं."

 डॉक्टरबाईंचं वीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर येऊ पाहत होतं. त्यांनी आईचा हात धरायला हात पुढे केला.

आईने आपला हात मागे घेतला.

"थांबा. तिचा राग नव्हता एवढंच म्हटलं मी. माझा आहे. तो मरेपर्यंत राहणार." तिने कोट उलगडला आणि अंगात घातला. खांद्यात तो तिला बरोबर बसला. "चला आत. मला सांगितलंत तसंच त्यांना सांगा."

मावशीने दार न वाजवता उघडलं.